पावसाळी कामासाठी चाके व टायर यांची निवड

थंड देशांतील वाहनधारक हिवाळा तोंडावर आला की आपल्या गाडीची चाके बदलतो. उन्हाळी टायरचे रबर सुमारे ७ अंश सेल्सिअसच्या खाली कडक होऊ लागते व त्याची रस्त्यावरील पकड कमी होते. म्हणून मऊ रबराचे, बारीक चिरा पाडलेले निराळे टायर त्या ऋतूसाठी राखून ठेवलेले असतात. कॅनडातील क्वेबेक प्रांतात तर १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात असे टायर लावणे कायद्यानेच बंधनकारक आहे. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर बर्फ पडत नाही व रबर कडक होण्याइतकी थंडीही पडत नाही. परंतु त्यांना जी अडचण बर्फाने येते, ती आपल्याला चिखलाने येते. असे असूनही मे महिन्यात कातळावरून आंब्याच्या पेट्या वाहणारे चाक जुलैमध्ये भाताच्या मळ्यात तसेच उतरविले जाते आणि ते रुतले म्हणजे दोष यंत्राला दिला जातो. वास्तविक यंत्र बहुधा निर्दोष असते. चाक त्या जमिनीचे नसते.

गणपतीपुळे व आसपासच्या गावांत ही गोष्ट विशेष जाणवते, कारण येथे थोड्या अंतरात जमिनीचे तीन प्रकार भेटतात. वर जांभ्याचा कातळ व त्याच्या उतारावरील आंबा-काजूच्या बागा; खाली दोन डोंगरांच्या बेचक्यात भाताची खाचरे; आणि समुद्रालगत वाळूची पट्टी. गावाच्या नावातही ही पुळणच आहे, असे सांगतात. निवळी फाट्यावरून जाकादेवी, चाफे या मार्गाने येणारा रस्ता असो की आरे-वारेकडून येणारा किनाऱ्याचा रस्ता असो, चढ, उतार व वळणे यांवाचून गत्यंतर नाही. एकच पॉवर टिलर किंवा छोटा ट्रॅक्टर एका दिवसात या सर्व जमिनी ओलांडतो. सर्व जमिनींना सारखेच मानवेल असे चाक अद्याप निघालेले नाही. म्हणून कोणत्या कामाचे तास अधिक, हे आधी ठरवून त्याप्रमाणे कायमचे टायर घ्यावेत आणि उरलेल्या कामासाठी जोडचाकांची सोय करावी.

चाक रुतते कां व घसरते कां

रुतणे व घसरणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत झाल्यामुळे उपाय उलटा केला जातो, आणि तो आमच्यासारख्या शिकलेल्या माणसांकडूनही होतो. प्रस्तुत लेखकाच्या नोकरीच्या पहिल्याच पावसाळ्यात एका शेतकऱ्याचा छोटा ट्रॅक्टर खाचरात जागच्या जागी चाके फिरवीत उभा राहिला. चाकावर वजन वाढविले म्हणजे पकड वाढते, हे पुस्तकातील वाक्य डोक्यात ताजे होते. त्यास अनुसरून मागील टायरमध्ये पाणी भरण्याचा सल्ला दिला. सल्ला अमलात आला आणि दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर कण्यापर्यंत खाली गेला. तो बाहेर काढण्यात व नंतर मजूर पुन्हा गोळा करण्यात चार दिवस मोडले. तरवा जून झाला व लावणी मागे पडली. शेतकरी रागावला नाही. "साहेब, पाणी खाचरात हवे होते, चाकात नव्हे," एवढेच तो म्हणाला.

पुस्तकातील वाक्य खोटे नव्हते. ते ज्या जमिनीसाठी लिहिले होते ती ही जमीन नव्हती. खाली घट्ट तळ असून वरचा थर निसरडा असेल, तर वजन उपयोगी पडते. चाकाचे कंगोरे वरचा थर कापून तळाला भिडतात. परंतु ज्या मळ्यात वर्षानुवर्षे डोंगरावरील गाळ साचलेला आहे, तेथे तळ खोल असतो. अशा ठिकाणी वजन वाढविणे म्हणजे चाकाला खाली ढकलणे होय. तेथे वजन कमी करून चाकाचा जमिनीवरील टेकू रुंद करावयास हवा.

यास्तव चाक निवडण्यापूर्वी तळ मोजावा. खाचरात पाणी साचल्यावर एक लोखंडी पहार किंवा जाड काठी घेऊन बांधापासून मध्यापर्यंत पाच-सहा ठिकाणी सरळ खाली दाबावी व ती कोठे अडते ते पाहावे. वीतभर खोलीच्या आत घट्ट तळ लागत असेल, तर खोल कंगोऱ्यांच्या रबरी टायरवर चिखलणी होऊ शकते. तळ त्याहून खाली, परंतु गुडघ्याच्या वर लागत असेल, तर लोखंडी जोडचाकांवाचून यंत्र उतरवू नये. पहार गुडघ्याच्याही खाली जात असेल, तर तेथे ट्रॅक्टर मुळीच नेऊ नये. हलका पॉवर टिलर पूर्ण लोखंडी चाकांवर चालवून पाहावा, आणि तोही जमत नसेल तर तेवढा तुकडा बैलांसाठी अथवा कुदळीसाठी सोडावा. हे आडाखे आमच्या कामातील अनुभवाचे आहेत. आपल्या खाचराचा तळ ज्याने वीस पावसाळे पायाने अनुभवला आहे, त्याने सांगितलेली खोली आमच्या पहारेपेक्षा अधिक खरी मानावी.

घसरण किती होते हेही सहज मोजता येते. चाकावर खडूने किंवा चिंधी बांधून एक खूण करावी. कोरड्या कठीण जमिनीवर औजार न लावता चाकाचे दहा फेरे होईपर्यंत यंत्र चालवावे व अंतर मोजावे. समजा, ते १८ मीटर भरले. मग शेतात औजार लावून पुन्हा दहा फेरे मोजावेत. अंतर १५.३ मीटर भरले, तर घसरण शेकडा १५ झाली. नांगरटीत एवढी घसरण चालू शकेल. परंतु अंतर १२ मीटरच भरले, तर दर तीन फेऱ्यांतील एक फेरा फुकट जात आहे व त्याबरोबर डिझेलही जात आहे, असे समजावे. चिखलणीत घसरण स्वभावतःच अधिक असते. तरीही दोन निरनिराळ्या चाकांची तुलना करण्यास ही रीत पुरेशी आहे.

रबरी टायर घेताना

टायरच्या बाजूवर आकडे असतात, ते वाचावयास शिकावे. पॉवर टिलरच्या टायरवर ६.००-१२ असे लिहिलेले आढळते. त्यातील पहिला आकडा टायरची रुंदी इंचांत दाखवितो व दुसरा आकडा टायर ज्या रिमवर बसतो त्या रिमचा व्यास दाखवितो. ट्रॅक्टरच्या १३.६-२८ या टायरचा अर्थही याच रीतीने लावावा. त्यापुढे पी. आर. या अक्षरांसह जो आकडा असतो, तो टायरच्या बळाचा दर्जा होय. तेवढे थर टायरमध्ये प्रत्यक्ष असतातच असे नाही. जांभ्याच्या धारेवरून ओझे वाहावयाचे असेल, तर हा दर्जा कमी असलेला टायर स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. चार अंकी एक आकडाही असतो. त्यातील पहिले दोन अंक आठवडा व पुढील दोन अंक वर्ष दाखवितात. २३२४ याचा अर्थ २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला टायर. दुकानात दीर्घकाळ पडून राहिलेला टायर नवा दिसत असला, तरी त्याचे रबर जुने झालेले असते.

कंगोऱ्यांच्या खोलीवरून शेतीच्या चालत्या चाकांच्या टायरचे प्रकार पाडलेले आहेत. आर-१ हा नेहमीचा प्रकार. कोरडवाहू मशागत, बागेतील कामे व थोडा रस्ता यांसाठी तो योग्य होय. आर-२ या प्रकारात कंगोरे जवळजवळ दुप्पट खोल असतात. तो भात व ऊस यांच्या पाणथळ जमिनीकरिताच काढलेला आहे. विक्रेता आर-२ ची शिफारस करतो तेव्हा तो अर्धेच सांगत असतो. हे उंच कंगोरे कठीण जमिनीवर लवचतात, लवकर झिजतात व जांभ्याच्या खड्यांनी मुळाशी फाटतात. ज्याच्या यंत्राचे वर्षातील बहुतेक तास कातळावर, बागेत व रस्त्यावर जातात आणि भाताची खाचरे थोडीच आहेत, त्याने आर-१ टायर ठेवून चिखलणीसाठी लोखंडी जोडचाके घ्यावीत. गणपतीपुळ्याच्या बाजूच्या बहुसंख्य बागाइतदारांना हाच मार्ग परवडेल, असे आमचे मत आहे. ज्याचा ट्रॅक्टर केवळ भाताच्या मळ्यांत भाड्याने फिरतो, त्याची गोष्ट वेगळी.

टायर चढविताना कंगोऱ्यांची दिशा पाहणे अगत्याचे आहे. कंगोरे बाणाच्या टोकासारखे मांडलेले असतात. यंत्र पुढे जात असताना बाणाचे टोक जमिनीला प्रथम टेकले पाहिजे. मागे उभे राहून पाहिले असता टोक वर दिसले पाहिजे. असे असले म्हणजे चिखल मधून बाजूला फेकला जातो व कंगोरे आपोआप साफ होतात. पंक्चर काढून आणताना उजवे चाक डावीकडे बसले, तर ही दिशा उलटते, चिखल कंगोऱ्यांत भरून राहतो व टायरचा गुळगुळीत रूळ होतो. दोन चाके एका दिशेची व दोन उलट, असे ट्रॅक्टर आम्ही पाहिले आहेत. मालकाची तक्रार मात्र इंजिन ओढत नाही अशी होती!

हवेचा दाब यंत्राबरोबर मिळालेल्या पुस्तिकेप्रमाणे ठेवावा. शेतातील कामासाठी पुस्तिकेने सांगितलेल्या मर्यादेतील खालचा दाब व ओझे घेऊन रस्त्यावर जाताना वरचा दाब, हा सर्वसाधारण नियम होय. दोन्ही बाजूंचा दाब सारखा हवा. दोन-चार पौंडांचा फरक असला तरी पॉवर टिलर एका अंगाला ओढतो व चालविणाऱ्याचे खांदे भरून येतात. टायरमध्ये पाणी भरलेले असेल, तर ते चिखलणीपूर्वी काढून टाकावे. नांगरटीसाठी ते पुन्हा भरावयाचे झाल्यास वाल्व वरच्या बाजूस आणून वाल्वच्या पातळीपर्यंतच भरावे, म्हणजे सुमारे तीन चतुर्थांश टायर भरतो व उरलेल्या जागेत हवेची लवचीकता राहते.

लोखंडी पिंजरा-चाके

ज्यांना सर्वत्र केज व्हील म्हणतात, ती चाके दोन प्रकारची मिळतात. पूर्ण पिंजरा-चाक रबरी चाक काढून त्याच्या जागी बसवितात. पॉवर टिलरसाठी हेच उत्तम. अर्धे पिंजरा-चाक रबरी चाकाच्या बाहेरच्या अंगाला जोडतात. ट्रॅक्टरसाठी ते सोयीचे पडते. अर्ध्या चाकाचा व्यास टायरच्या व्यासापेक्षा थोडा कमी असावा, म्हणजे कठीण बांधावर भार रबरावर राहतो व चिखलात टायर थोडा रुतताच लोखंडाचा टेकू मिळतो.

विकत घेताना पट्ट्यांमधील अंतर पाहावे. पट्ट्या फार दाट असतील, तर चिकट मातीने मधल्या फटी भरतात व पिंजऱ्याचा पिंप बनतो. फार विरळ असतील, तर प्रत्येक पट्टीला धक्का बसतो व तो हँडलवाटे मनगटात येतो. आपल्या मातीचा एक ओला गोळा करून तो दोन पट्ट्यांमध्ये दाबून पाहावा. तो हलक्या ठोक्याने सुटून पडला तर अंतर ठीक आहे. सांधे सलग वितळजोड केलेले असावेत. नुसते ठिपके दिलेले सांधे पहिल्याच हंगामात सुटतात. गावातील लोहारशाळेत बनवून घेतलेली चाकेही चांगली चालतात. मात्र दोन्ही चाकांचा व्यास व वजन सारखे आहे, हे सपाट जमिनीवर लोळवून तपासावे.

लोखंडी चाकावरून रबरावर व पुन्हा लोखंडावर, असा हा प्रवास थोडा गमतीचा आहे. डनलॉप याने १८८८ साली बेलफास्ट येथे हवा भरलेला टायर बनविला, तरी ट्रॅक्टर बरीच वर्षे दातेरी लोखंडी चाकांवरच चालत. अमेरिकेत १९३२ साली अॅलिस-चामर्स कंपनीने हवेच्या टायरचा ट्रॅक्टर विक्रीस आणला, तेव्हा रबर शेतात टिकणार नाही अशी पुष्कळांची समजूत होती. ती खोटी ठरली. तथापि भाताच्या चिखलाने लोखंडी चाकाला अद्याप निवृत्त केलेले नाही.

ही चाके खाचराच्या काठावरच चढवावीत व तेथेच उतरवावीत. पिंजरा-चाके लावून डांबरी रस्त्यावरून यंत्र नेल्यास रस्ता उखडतो, चाकाचे सांधे ढिले होतात, आणि उतारावर डांबरावर लोखंड सरकू लागले म्हणजे यंत्र थांबविणे चालविणाऱ्याच्या हाती राहत नाही. चाके बदलण्यास लागणाऱ्या वेळेची सबब सांगितली जाते. दोन माणसांना सरावाने अर्ध्या तासाच्या आत हे काम होते. इंजिन बंद करून, गिअरपेटीखाली लाकडी ठोकळा देऊन, एकेक चाक बदलावे व आसावरची पिन आठवणीने पक्की करावी. चिखलात गळून पडलेली पिन सापडत नाही, म्हणून दोन जादा पिना खिशात असाव्यात. पिंजरा-चाकाजवळ अनवाणी उभे राहणाऱ्या मुलांना दूर ठेवावे. बाहेर आलेल्या पट्ट्यांनी घोटा सहज चिरतो.

रुतलेले यंत्र काढताना

येथे प्रत्येक कार्यकर्त्याने थांबून शेतकऱ्याला समोरासमोर सांगण्याजोगी एक गोष्ट आहे. ट्रॅक्टर रुतला की मागील चाकाला आडवा लाकडी ओंडका दोराने किंवा साखळीने बांधून तो वर काढण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. ही पद्धत जीवघेणी आहे. ओंडका अडकला म्हणजे चाक फिरू शकत नाही. इंजिनची शक्ती मग चाकाऐवजी ट्रॅक्टरचा सांगाडाच कण्याभोवती फिरविते, पुढची चाके उचलली जातात व ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर मागे उलटतो. हे घडावयास दोन श्वासांचाही अवधी लागत नाही. क्लचवर पाय नेण्यास सवड मिळत नाही.

चाक जागच्या जागी फिरू लागताच थांबावे. औजार उचलून किंवा सोडून द्यावे, चाकांमागील चिखल फावड्याने उतरता काढावा, फांद्या किंवा फळ्या पसराव्यात व आलेल्या वाटेने मागे यावे. ते न साधल्यास दुसऱ्या यंत्राने ओढावे. दोर खालच्या आकड्यालाच लावावा. कण्याच्या वर लावलेला दोरही यंत्र उलटवितो. बांध ओलांडताना तो तिरका ओलांडू नये. बांध उंच असेल तर कुदळीने तेवढी जागा उतरती करून घ्यावी. लावणीच्या घाईतही एवढा वेळ काढावा.

उतारावरील पॉवर टिलर

पॉवर टिलरला ट्रॉली जोडून घाटीच्या रस्त्याने उतरणाऱ्यांना टायरइतकेच महत्त्वाचे एक वर्म ठाऊक असले पाहिजे. सपाटीवर डावा वळणक्लच दाबला की डाव्या चाकाची ओढ सुटते, उजवे चाक ढकलते व यंत्र डावीकडे वळते. तीव्र उतारावर नेमके उलटे होते. तेथे इंजिन दोन्ही चाकांना मागे धरून ठेवीत असते; डावा क्लच दाबताच डावे चाक मोकळे सुटून वेगाने पळते, उजवे चाक धरलेले राहते आणि यंत्र उजवीकडे जाते. दरीच्या बाजूचे वळण असेल तर त्याचा परिणाम सांगावयास नको. म्हणून उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर घालावा, मध्ये गिअर सुटा करू नये, वळणक्लचला हात न लावता हँडल दाबून दिशा द्यावी आणि ट्रॉलीचा ब्रेक वापरावा. टायरचे कंगोरे झिजलेले असतील, तर पावसाळ्यात भरलेली ट्रॉली घेऊन घाटी उतरू नये.

ज्या थोड्या घरी अद्याप बैलगाडी आहे, तेथेही हाच विचार करावा. लोखंडी धावेच्या लाकडी चाकापेक्षा रबरी टायरची गाडी बैलांना सपाटीवर पुष्कळ हलकी जाते. परंतु तिचा तोच गुण उतारावर दोष ठरतो, कारण गाडी बैलांच्या अंगावर धावते. ब्रेक नसलेली टायरची गाडी या भागात घेऊ नये.

आंबा वाहणाऱ्या पिकअप गाड्या, तसेच आमच्या कार्यकर्त्यांच्या मोटारसायकली यांचे टायरही मे अखेरीस पाहून घ्यावेत. चारचाकी गाडीच्या टायरच्या खाचांत जे उंचवटे असतात, त्यांच्या बरोबरीला टायर झिजला म्हणजे खाच १.६ मिलिमीटरच उरली, असे समजावे. ती कायद्याची अखेरची मर्यादा आहे. कोकणच्या पावसात साचलेले पाणी कापून काढण्यास ३ मिलिमीटर तरी खाच असावी. पहिल्या दोन-तीन सरींत रस्त्यावरील धूळ व तेल वर येते, तेव्हा नवा टायरही घसरतो.

वाळूचा प्रश्न थोडक्यात सांगता येतो. पुळणीवर खोल कंगोरे उपयोगाचे नाहीत. ते वाळू उपसून चाकाला खड्डा करून देतात. अगदी आवश्यक कामासाठी वाळू ओलांडावी लागलीच, तर हवेचा दाब कमी करावा, न थांबता सरळ जावे व रस्त्यावर येताच हवा पुन्हा भरावी. खारे पाणी लागलेली रिम त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवावी. हौसेने गाडी समुद्रकाठी उतरविणाऱ्या पाहुण्यांच्या मोटारी ओढून काढण्यास आपला ट्रॅक्टर धाडणे हा शेतीचा जोडधंदा नव्हे.

सर्व तयारी रोहिणी नक्षत्रात, म्हणजे २५ मेनंतरच्या पंधरवड्यात, आंब्याची घाई ओसरताच करावी. मृग लागल्यावर लोहार, पंक्चरवाला व सुटे भाग विकणारा या तिघांकडेही रांग असते. लावणी आटोपल्यावर पिंजरा-चाके धुऊन, वाळवून, त्यांना जुने इंजिन-तेल फासून माळ्यावर ठेवावीत. उतरवून ठेवलेल्या रबरी टायरना मात्र तेलाचा हात लागू देऊ नये. ते उन्हापासून दूर, जमिनीला न टेकता, लाकडी फळीवर उभे ठेवावेत व महिन्यातून एकदा थोडे फिरवावेत.